शेवटचा पट्टा आधी

घरातलं सकाळचं पहिलं वाक्य भोंगेकाकांचं असे, आणि ते म्हणजे, "हात काढा." ऐकायला समोर कोणी नसे. मुलगा आणि सून आतल्या खोलीत, तीन वर्षांची नात दोघांच्या मधे आडवी, बायको स्वयंपाकघराला लागून असलेल्या पलंगावर. सगळी गाढ झोपलेली. तरी बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी उभे राहून, बोर्डावरच्या बटणाला बोट लावण्याआधी काका हलक्या आवाजात ते दोन शब्द म्हणत, क्षणभर थांबत आणि मग बटण दाबत.

ही सवय सिमेंटच्या कारखान्यातली. फोडलेला दगड खाणीपासून गिरणीपर्यंत वाहून नेणारे रुंद रबरी पट्टे तिथे होते, एकापुढे एक असे पाच, आणि त्यांची बटणं ज्या खोलीत होती त्या खोलीत काकांची सगळी नोकरी गेली. पट्टा सुरू करण्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे आसपास कोणी असलं तर बाजूला होईल, असा नियम. एकदा भोंगा जळाला. नवा मागवला तो काही लवकर येईना. तोवर काका खिडकीतून डोकं बाहेर काढून "हात काढा" असं ओरडत आणि मग बटण दाबत. आवाज असा खणखणीत, की नवा भोंगा बसल्यावरही लोक म्हणत, आधीचाच बरा होता. तेव्हापासून त्यांचं नाव भोंगा पडलं. केस पिकल्यावर त्याला काका जोडलं गेलं. घरी नेटची जोडणी घ्यायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या माणसाने शेजारी चौकशी केली आणि "भोंगे" हे आडनाव समजून तसंच नोंदवलं. बिल अजून त्याच नावाने येतं. काकांनी दुरुस्त करून घेतलं नाही. त्यांच्या बायकोला मात्र ते बिल पाहिलं की दर वेळी नव्याने हसू येतं.

पट्ट्यांचा एक नियम आहे. तो पुस्तकातून कळत नाही, एकदा दगड उपसावा लागला की कळतो. सुरू करताना शेवटचा पट्टा आधी. गिरणीच्या तोंडाशी असलेला पट्टा फिरू लागला, त्याने वेग धरला, की त्याच्या मागचा. असं करत करत सगळ्यांत शेवटी खाणीकडचा, ज्याच्यावर दगड पडतो तो. उलट केलं तर चालत्या पट्ट्यावरचा माल थांबलेल्या पट्ट्यावर जाऊन कोसळतो, ढीग होतो आणि कधी कधी पट्टाच फाटतो. बंद करताना खाणीकडून सुरुवात. आधी माल तोडायचा, पट्टे रिकामे होऊ द्यायचे, मग एकेक करत गिरणीकडे जायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काकांनी घाईघाईत खाणीकडचं बटण आधी दाबलं होतं. त्या पाळीचा उरलेला सगळा वेळ त्यांनी आणि आणखी चौघांनी फावडी मारण्यात घालवला, आणि ते चौघे फावड्यागणिक काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. काकांनी कानाला खडा लावला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांचा हात सुरू करताना उजवीकडून डावीकडे आणि बंद करताना डावीकडून उजवीकडे गेला, आणि त्यात कधी फरक पडला नाही.

निवृत्तीनंतर कारखाना सुटला, बटणं सुटली नाहीत. घर बंद करणं आणि सकाळी सुरू करणं हे खातं कोणी न सांगता त्यांच्याकडे आलं. सगळी निजायला गेली की काका गॅसची कळ, न्हाणीघराचा नळ, बाहेरचा दिवा असं एकेक पाहत फिरत. त्यात वाय-फायही आलं. कोणी वापरत नसताना एखादी वस्तू चालू ठेवणं त्यांच्या जिवावर येई. सुटीच्या दिवशी रिकामा पट्टा चुकून फिरत राहिला, पट्ट्याखालचा एक फिरता रूळ अडकून तापला आणि अख्खा पट्टा जळाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डब्याचा दिवा काय जळणार, असं मुलगा म्हणे. रूळही तसाच लहान होता, असं काका सांगत, आणि तो विषय तिथेच संपे.

घरात नेटचा एकच डबा होता तोवर यात काही बिघडलं नाही. एका बटणाला क्रम कसला? मग सुनेचं काम घरून सुरू व्हायचं ठरलं, जुनी जाड वायर गेली आणि केसासारखी बारीक काचेची तार आली. तिच्याबरोबर डबे दोन आले. तार जिथे घरात शिरते तिथे भिंतीवर एक छोटा पांढरा डबा. तो बाहेरची लाईन पकडतो. त्याच्या शेजारी टेबलावर शिंगं असलेला मोठा काळा डबा, म्हणजे राउटर. तो तीच लाईन घरभर हवेतून पसरवतो. आणि तिसरा, सुनेच्या कंपनीने दिलेला संगणक. तिघांसाठी काकांनी स्वतः एक लांब बोर्ड आणून बसवला. डावीकडे छोटा डबा, मधे राउटर, उजवीकडे संगणक. प्रत्येकाला वेगळं बटण. बोर्ड सरळ बसावा म्हणून पाणपातळी लावून बघितली. त्यांना तो बोर्ड फार आवडला होता. का, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कारखान्यातल्या बटणांसारखाच तो दिसत होता: डावीकडे जिथून माल येतो ते टोक, उजवीकडे जिथे माल पोचतो ते.

सून वॉशिंग मशीन आणि फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या मदत-केंद्रात फोन घेत असे. मशीन फिरत नाही, पाणी जात नाही, फ्रिजमधून कुरकुर येते, असं सांगणाऱ्या लोकांशी दिवसभर बोलायचं आणि त्यातल्या निम्म्यांना सांगायचं, की एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा. त्याआधी वर्षभर ती हे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसात जाऊन करत होती. दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं. निघताना तिची मुलगी, घरातली छोटी, झोपलेली आणि परतल्यावर पेंगुळलेली. वर्ष संपता संपता छोटी आजीला आई म्हणू लागली. आजी समजावे, की मी आजी, आई संध्याकाळी येते ती. छोटी मान डोलवे आणि पुन्हा आईच म्हणे. सुनेने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली, मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी तिने घरून काम मिळावं म्हणून विनंती केली. विनंती मान्य झाली, पण परीक्षेवर. पाळी सुरू होताना तिचं नाव तिकडच्या पडद्यावर हिरवं दिसलं पाहिजे. वरचेवर लाल दिसलं, तर परत ऑफिसात.

आणि ते लाल दिसू लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा. सून कानाला यंत्र लावून बसे, संगणक सुरू झालेला असे, पण नेट नसे. राउटरचा दिवा नारिंगी होऊन बसलेला. मोबाईलचं नेट वापरून काम करायला कंपनीची परवानगी नव्हती. गिऱ्हाइकांची माहिती असते म्हणून. मग काका पुढे होत. "थांब, मी पहिल्यापासून नीट करतो," असं म्हणून तिन्ही बटणं बंद करत आणि पुन्हा एकेक करून, प्रत्येकाला पुरेसा वेळ देऊन, सुरू करत. तेवढ्याने कधी नेट येई, कधी येत नसे. मग ते आणखी सावकाश करत. शेवटी कधीतरी राउटर आपल्या मनानेच जागा होई. तोवर सुनेची पाळी सुरू होऊन गेलेली असे.

मुलगा छापखान्यात कामाला होता. तो तिथून नेटच्या कंपनीला फोन लावी आणि त्यांच्या नावाने खडे फोडी. मग दुपारी नेटवाला येई. कमी बोलणारा, पाठीवर पिशवी, दाराशी बूट व्यवस्थित काढून ठेवणारा तरुण. तो येई तेव्हा नेट चालूच असे. तरी त्याने एकदा तार बदलली, एकदा राउटरच बदलला. काका त्याच्याजवळ उभे राहत, पक्कड हातात देत, एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला द्यावा तसा मान देत. एकदा नेटवाला म्हणाला, की काका, तुमचं नेट माझ्या घरच्यापेक्षा छान चालतंय, मी यात आणखी काय करू? काका म्हणाले, दिवसा चालतं हो, सकाळी आळस करतं. नेटवाल्याने हसून पिशवी उचलली.

सकाळी काका काय करतात, हे त्याने विचारलं नाही. घरातल्यांनीही नाही. बंद करून चालू करणं हा तर उपाय. उपायावर कोण संशय घेणार?

मधे एका सकाळी असं झालं, की काका दूध तापत ठेवून टेबलाशी उभे राहिले, "हात काढा" म्हणाले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने बायकोची हाक आली, "अहो, दूध!" ती गॅसपासून लांब होती, गुडघा धरून पलंगावरून उठत होती. काकांनी तिन्ही बटणांवर एकदम पंजा मारला आणि आत धावले. दूध निम्मं भांड्यात, निम्मं ओट्यावर. पुसापुशी करून बाहेर आले तर तिन्ही डब्यांचे दिवे हिरवेगार. त्या दिवशी सून सगळ्यांच्या आधी कामावर हजर दिसली आणि तिची टीम सांभाळणाऱ्या बाईने तिला शाबासकीचा अंगठा पाठवला. काका मात्र खूश झाले नाहीत. इतक्या गबाळेपणाने केलेलं काम नीट व्हावं, हे त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कालची भरपाई म्हणून सगळं अगदी शिस्तीत केलं, आणि नेट गेलं. काकांच्या मनात पाल चुकचुकली. पण ती त्यांनी कोणाला ऐकू येऊ दिली नाही.

शनिवारी कहर झाला. काका नेहमीपेक्षा लवकर उठले होते, एकेका डब्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ देत होते. नारिंगी. पुन्हा पहिल्यापासून केलं. नारिंगी. सून छोटीला कडेवर घेऊन शेजारी उभी. तिसऱ्यांदा केलं तेव्हा टीमच्या बाईचा फोन आला. बाई स्वभावाने वाईट नव्हती, तिच्या डोक्यावरही कोणी बसलेलं होतं. तिने शांतपणे सांगितलं, की मी तुला बरंच सांभाळून घेतलं, आता माझ्या हातात नाही. सोमवारपासून महिनाअखेरीपर्यंत एकदा जरी घरच्या नेटमुळे लाल दिसलं, तर दुसऱ्या दिवशी ऑफिस. सून "हो मॅडम" म्हणाली. फोन ठेवून तिने छोटीला सासूकडे दिलं, आणि छोटी नको नको म्हणत तिच्या ओढणीला धरून राहिली.

रविवारी दुपारी मुलगा केस कापायला गेला होता. छोटी झोपली होती. बायको मटार सोलत बसली होती, सून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. काका दोनदा उठले, दोनदा बसले. मग त्यांनी दुधाची गोष्ट सांगितली. घाईत सगळी बटणं एकदम दाबली ती, आणि त्या दिवशी नेट आलं ते. योगायोगही असेल, असंही म्हणाले.

सुनेचा हात घडीवर थांबला. आणि ती ज्या आवाजात बोलली तो घरातला आवाज नव्हता, फोनवरचा होता. "बंद पडण्याआधी तुम्ही नेमकं काय काय केलं, ते क्रमाने सांगू शकाल का?"

सासू म्हणाली, "अगं, ते काय तुझं गिऱ्हाईक आहेत?"

"दिवसभर सगळ्या जगाला विचारते, आई. घरात एकदाही विचारलं नाही." ती उठून टेबलाशी आली. "बाबा, रोज करता तसंच करून दाखवा. काही सुधारू नका."

काकांनी सगळं बंद केलं. मग म्हणाले, "हात काढा," आणि सुनेने खरोखरच टेबलावरचा हात मागे घेतला. काकांनी उजवीकडचं बटण दाबलं आणि संगणक सुरू केला. त्याचा पडदा उजळेपर्यंत थांबले. मग मधलं बटण, राउटर. त्याचे दिवे लुकलुकू लागले. काका स्वस्थ उभे. आता काय, असं सुनेने विचारलं. वेग धरू दे त्याला, असं काका म्हणाले. पुरता वेळ गेल्यावर त्यांनी डावीकडचा छोटा डबा सुरू केला. छोटा डबा हिरवा झाला. राउटर नारिंगी तो नारिंगीच.

"आता उलट करा. छोटा आधी."

"उलट?" काकांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांना बाहेरच्या कपड्यांत आंघोळ करायला सांगितली. "अगं, असं केलं तर ढीग होतो."

"कशाचा ढीग, बाबा? दगड नाहीयेत इथे."

काकांनी हात डावीकडे नेला. तो वाटेत मधल्या बटणावर अडखळला, पण पोचला. छोटा डबा लुकलुकला, स्थिर झाला. मग राउटर. त्याचे दिवे एकामागोमाग एक हिरवे होत गेले. मग संगणक, नेट होतं. सुनेने पुन्हा जुन्या पद्धतीने करायला लावलं: नारिंगी. पुन्हा नव्या पद्धतीने: हिरवा. मटार सोलणं थांबवून सासू बघत होती.

मग सुनेने समजावलं. मोठा डबा उठला की छोट्याकडे लाईन मागतो. छोटा झोपलेला असला तर देणार कोण? हा थोडा वेळ मागत राहतो, कंटाळतो आणि गप्प बसतो. कधी पुन्हा आठवण होते, मागतो, मिळते. कधी नाही होत. सगळे एकदम उठले, तर छोटा लहान असल्यामुळे आधी तयार होतो, म्हणून दुधाच्या दिवशी जमून गेलं.

काकांनी बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "म्हणजे इथे माल ढकलत नाहीत," ते म्हणाले. "मागून घेतात."

"हं."

"मग मागणाऱ्याच्या आधी देणारा उठायला हवा."

"हं."

"म्हणजे रोज नेट घालवत होतो तो मीच."

"हो," सून म्हणाली. "तुम्हीच."

तिने घड्या केलेले कपडे उचलले आणि ती आत गेली. दार आपटलं नाही, पण लावलं. काका तिच्या मागे निघाले, तेव्हा बायको मान वर न करता म्हणाली, "आता जाऊ नका. बसा इथे." काका बसले. समोर मटार होते म्हणून सोलू लागले. शेंग एकीकडे आणि दाणे दुसरीकडे टाकायचे हे त्यांच्याकडून धड होईना. बायकोने सालांमधून दाणे वेचून घेतले.

सून बाहेर आली ती सरळ चहा ठेवायला गेली. डोळे धुतलेले होते. काकांच्या पुढे कप ठेवताना ती एवढंच म्हणाली, की शनिवारी तीनदा केलंत ना, तेव्हा मी तुमच्या बाजूलाच उभी होते. मलाही दिसलं नाही. काकांना त्याने बरं वाटलं असं नाही, पण चहा त्यांनी घेतला.

मुलगा परतला, त्याला सगळं सांगण्यात आलं. तो आधी पोट धरून हसला. मग त्याला नेटवाला आठवला, आणि त्या बिचाऱ्याला आपण फोनवर काय काय बोललो तेही आठवलं, आणि तो ओशाळला. मग घरातल्या कर्त्या माणसाचा आवाज काढून त्याने निकाल दिला, की आता काहीच बंद करायचं नाही. डबे चालू राहू देत दिवसरात्र. सगळं जग तसंच करतं.

"बरोबर आहे," काका लगेच म्हणाले. "मी हातच लावत नाही यापुढे."

ते इतक्या झटकन म्हणाले, की कोणालाच ते बरं वाटलं नाही. सासूने सुनेकडे पाहिलं.

सून कप विसळत होती. ती तिथूनच नवऱ्याला म्हणाली, "आणि मधेच वीज गेली, तर? आली की तिन्ही एकदम उठणार. नशिबाने जमलं तर जमलं. मी तर कानाला लावून बसलेली असणार, माझे हात बांधलेले. तेव्हा कोण उठवणार यांना? तुम्ही येणार का छापखान्यातून?"

मुलगा म्हणाला, की एवढ्यात वीज कुठे जाते.

"एकदाच जायला हवीये. मॅडमनीही एकदाच म्हटलंय." तिने हात पुसले. "रोज बंद होऊ दे, रोज चालू होऊ दे. सवय राहील. आणि बाबा करू देत. बाबांच्या हातचं काम कधी बदलत नाही. चूक केली तीसुद्धा इतके दिवस एकसारखी केली."

सासू फिसकन हसली. काकांना ते हसू कळायला थोडा वेळ लागला. मग तेही हसले, पण आवाज न करता.

काकांना त्यांचं काम परत मिळालं, तरी त्यांची काळजी मिटली नव्हती. रविवारी संध्याकाळी काका सराव करायला उभे राहिले. हात उजवीकडे गेला. परत आणला. "हात काढा" म्हटलं, हात पुन्हा उजवीकडे. डोक्याला सगळं पटलं होतं. देणारा आधी, मागणारा नंतर, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण हात डोक्याला विचारत नव्हता. सकाळी, अर्धवट झोपेत, घरात अंधार असताना तो कुठे जाईल, हे काकांना चांगलं माहीत होतं. आणि एकदाच चुकायचा अवकाश होता.

ते खाली बसले, टेबलाच्या मागे हात घालून त्यांनी छोट्या डब्याची आणि संगणकाची पिन काढली, आणि दोन्हींची अदलाबदल केली. आता उजवीकडे छोटा डबा, मधे राउटर, डावीकडे संगणक. छोट्या डब्याची वायर तोकडी पडत होती म्हणून बोर्ड भिंतीकडे सरकवला, आणि पाणपातळी पुन्हा लावून बघितली. बायकोने विचारलं, हे काय चाललंय.

"हा हात आता काही नवीन शिकायचा नाही," काका म्हणाले. "त्यापेक्षा पिना हलवणं सोपं."

सोमवारी हात सवयीने उजवीकडे गेला आणि बरोबर ठिकाणी गेला. छोटा डबा स्थिर झाल्यावर मधलं, मग डावीकडचं. सून हजर झाली, नाव हिरवं. मंगळवारी हिरवं, बुधवारीही. टीमच्या बाईला सुनेने खरं काय ते सांगून टाकलं होतं, की दोष नेटचा नव्हता, आमच्या घरातल्या क्रमाचा होता. बाई म्हणाली, कारण काहीही असो, मला रंग दिसतो. तेही खरंच होतं.

गुरुवारी, सकाळ बरीच वर आलेली असताना, पंखा मंद होत होत थांबला.

सून एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होती. त्यांच्या मशीनमधलं पाणी जात नव्हतं. वाक्याच्या मधेच पडदा काळा झाला. ती तशीच बसून राहिली, कानावरचं यंत्र गळ्यात ओढून. वीज गेल्याची नोंद तिकडे आपोआप होते आणि त्याची सवलतही मिळते, पण सवलत वीज येईपर्यंतचीच. वीज आल्यावर माणूस लगेच परतला नाही, तर ते घरच्या नेटच्या नावावर पडतं. छोटी आजोबांबरोबर जमिनीवर ठोकळे रचत होती. लाईट गेली, असं तिने जाहीर केलं.

काका उठले. पहिल्यांदा त्यांनी तिन्ही बटणं बंद केली, डावीकडून उजवीकडे. कारखान्यात वीज गेली की हेच आधी करायचं असे. ती परत येते तेव्हा सगळ्यांवर एकदम येता कामा नये. मग ते बोर्डाजवळ उभे राहिले. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते.

पंखा हलला. सून खुर्चीतून अर्धवट उठली. काकांनी तिच्याकडे न वळता पंजा उभा केला: थांब. पंख्याने नीट गती घेतली, स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरून शांत झाला. "हात काढा," काका म्हणाले, आणि छोटीने ठोकळ्यांवरून दोन्ही हात उचलले. उजवीकडचं बटण. छोटा डबा लुकलुकू लागला. लुकलुकत राहिला.

"बाबा," सून म्हणाली.

काकांनी ऐकलं, पण ऐकलं नाही. दिवा स्थिर झाला. मग मधलं. शिंगांच्या डब्यावरचा पहिला दिवा, दुसरा. तिसरा नारिंगी झाला, तसाच राहिला आणि मग हिरवा झाला. मग डावीकडचं. संगणक उठला, सुनेची बोटं परवलीचा शब्द टाकताना एकदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर पडली. ती आत शिरली तेव्हा नाव हिरवं होतं. थोड्या वेळाने बाईचा निरोप आला, की याच भागात राहणारा आपल्या टीममधला दुसरा एक जण अजून परतलेला नाही, तू कशी आलीस? सून तोवर मघाच्या म्हाताऱ्या बाईंना परत फोन लावत होती.

"हां आजी, मीच. आमच्याकडे वीज गेली होती. आता असं करा, मशीनचं बटण बंद करा. लगेच चालू नका करू. जरा थांबा. हो, घाई नाही काही."

काका पुन्हा जमिनीवर बसले. छोटीने तोवर मनोरा पाडला होता आणि तो आजोबांनी पाडला असं तिचं म्हणणं होतं.

महिनाअखेरीला बाईचा फोन आला, की परीक्षा संपली, घरून काम कायम. सुनेने जेवताना ते सगळ्यांना सांगितलं. मुलाने, काहीतरी गोड आणतो, असं जाहीर केलं. बायको म्हणाली, की आता तरी त्या बिलावरचं आडनाव सुधारून घ्या. काका "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि त्यांनी ताटात आणखी थोडा भात वाढून घेतला.

संध्याकाळी पाळी संपल्यावर सुनेने संगणक बंद केला आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली. छोटी तिच्या पायांना लोंबकळत होती, दोघींना बाहेर चक्कर मारायला जायचं होतं.

"बाबा, माझं झालं," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "बंद करा."

काकांनी डावीकडून सुरुवात केली.